विद्यापीठाच्या संकेतस्थळामागचे नियम आणि सीमाभागातील विद्यार्थी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत राहून संलग्न महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पदवी हाती पडेपर्यंत विद्यापीठाच्या आवारात क्वचितच पाऊल ठेवावे लागते. प्रवेश, परीक्षा शुल्क, हॉल तिकीट, निकाल, फेरमूल्यांकन, स्थलांतर प्रमाणपत्र ही सारी कामे आता संकेतस्थळावरून होतात. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली भुतरामनहट्टी येथे उभे राहिले, आणि सीमेपलीकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात शिकायला जाणारी मुलेही आपल्याकडे कमी नाहीत. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यांपैकी प्रत्येक विद्यापीठाचे खरे कार्यालय म्हणजे त्याचे संकेतस्थळच होय. ते कोणत्या लेखी नियमांनी चालते, चालायला हवे, आणि नियम पाळला गेला नाही तर दाद कोठे मागायची, हे समजून घेणे म्हणूनच त्याच्या हिताचे आहे.

संकेतस्थळाचे धोरण म्हटले की पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत दिलेले आणि कोणीही न वाचलेले चार-पाच दुवे आठवतात. प्रत्यक्षात धोरण म्हणजे आधीच घेऊन ठेवलेले निर्णय असतात. मजकूर कोणी लिहायचा, त्याला मंजुरी कोणी द्यायची, तो किती दिवस ठेवायचा, चूक सापडली तर किती वेळात दुरुस्त करायची, कोणती माहिती जाहीर करायची, कोणती जपून ठेवायची आणि सेवा बंद पडली तर पर्याय काय, हे सगळे अडचण येण्यापूर्वी ठरलेले असले पाहिजे. केंद्र सरकारने शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली. मजकूर मंजुरीचे धोरण, ठरावीक काळाने फेरतपासणीचे धोरण, जुन्या मजकुराच्या जतनाचे धोरण, गोपनीयता, सुरक्षा आणि आकस्मिक संकटाचा आराखडा अशी लेखी चौकट तीत सांगितलेली आहे. संकेतस्थळाची जबाबदारी सांभाळणारा एक नेमका अधिकारी असावा आणि त्याचा संपर्क जाहीर असावा, हेही तीत आहे. माझ्या मते या सर्वांत हे शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण जबाबदार माणसाचे पद ठाऊक नसेल तर बाकीची धोरणे कितीही चांगली असली तरी त्यांचा जाब विचारता येत नाही.

एका साध्या परिपत्रकाचा प्रवास पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. परीक्षा अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढवायची आहे असे समजा. कर्नाटकातील राज्य विद्यापीठांत परीक्षांचा कारभार मूल्यमापन कुलसचिवांकडे असतो, तर महाराष्ट्रात हेच काम परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक पाहतात. कोल्हापूरहून बेळगावला किंवा बेळगावहून कोल्हापूरला गेलेल्या विद्यार्थ्याने अर्ज कोणाच्या नावे लिहायचा हे येथूनच ठरते. निर्णय झाला की पत्र टंकलिखित होते, त्यावर सही-शिक्का होतो आणि ते संगणक विभागाकडे जाते. तेथे बहुतेक वेळा सही केलेला कागद स्कॅन करून जसाच्या तसा चढवला जातो. फाइलचे नाव स्कॅनरने दिलेला एखादा क्रमांक असतो, शीर्षकात केवळ ‘परीक्षेबाबत परिपत्रक’ एवढेच असते, आणि आधीचे परिपत्रक रद्द झाले की नाही याचा उल्लेख कोठेही नसतो. परिणामी जुनी आणि नवी अशा दोन्ही तारखा एकाच पानावर शेजारी शेजारी राहतात, आणि त्यांपैकी खरी कोणती हे महाविद्यालयाच्या क्लार्कला फोन करून विचारावे लागते.

चांगले मंजुरी धोरण हे सर्व एका झटक्यात सोडवू शकते. प्रत्येक सूचनेच्या शीर्षकात विषय, अभ्यासक्रम, सेमिस्टर आणि तारीख असावी. ती कोणाला लागू आहे हे पहिल्याच ओळीत यावे. ती आधीच्या सूचनेच्या जागी आली असेल तर तसे दोन्ही ठिकाणी लिहावे, आणि सहीच्या कागदाबरोबर तोच मजकूर पानावर अक्षररूपातही द्यावा. याला अधिक पैसा लागत नाही, अधिक माणसेही लागत नाहीत. फक्त मजकूर चढवणाऱ्याच्या हातात एक ठरलेला नमुना असावा लागतो आणि नमुना अपुरा असेल तर सूचना परत पाठवण्याचा अधिकार त्याला असावा लागतो.

अक्षररूपातील मजकुराचा मुद्दा सीमाभागात विशेष महत्त्वाचा आहे. येथील विद्यापीठांचा कारभार कन्नड आणि इंग्रजीत चालतो, आणि मराठी माध्यमातून शिकून आलेल्या मुलाला कन्नड बोललेले कळले तरी शासकीय कन्नड वाचताना ते अडते. परिपत्रक युनिकोड अक्षरांत, म्हणजे कोणताही संगणक ओळखू शकतो अशा प्रमाण अक्षरांत असेल तर फोनमधील अनुवादाची सोय वापरून त्याचा मराठी आशय काही क्षणांत समजून घेता येतो. तेच स्कॅन केलेले चित्र असेल तर फोनला आधी चित्रातील अक्षरे ओळखावी लागतात, आणि पुसट छपाई, तिरका कागद, वर उमटलेला शिक्का यांमुळे नेमक्या तारखा आणि रकमा यांच्याच बाबतीत त्यावर भरवसा ठेवता येत नाही. कन्नडसाठी नुडीचे आणि मराठीसाठी श्रीलिपीचे जुने फाँट अनेक वर्षे कार्यालयांत रुळलेले आहेत. त्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर पडद्यावर व्यवस्थित दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक ओळ असते. असा मजकूर शोधून सापडत नाही, त्याचा अनुवाद होत नाही, आणि दृष्टिहीन विद्यार्थी ज्या वाचक-सॉफ्टवेअरच्या आधाराने शिकतो ते त्याचे उच्चारण करू शकत नाही. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने माहिती आणि संपर्काची साधने दिव्यांगांना वापरता येतील अशी असावीत हे बंधन घातलेले आहे. म्हणजे युनिकोडचा आग्रह हा सोयीचा प्रश्न तर आहेच, कायद्याच्या पालनाचाही आहे.

भाषेच्या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेले एक संरक्षण आहे. विद्यापीठाने आपले सर्व संकेतस्थळ तीन भाषांत चालवावे अशी माझी अपेक्षा नाही. तसे केले तर तिसरी भाषा लवकरच शिळी होते, आणि शिळी माहिती ही माहिती नसण्यापेक्षा घातक असते. पण प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती आणि तक्रार निवारण या चार बाबींची कायमस्वरूपी पाने मराठीतही असावीत, हे मागणे मात्र रास्त आहे.

जुना मजकूर काढून टाकावा की ठेवावा, या प्रश्नात संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांची नेहमी चूक होते, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. मुदत संपलेल्या सूचना वर्षानुवर्षे मुखपृष्ठावर फिरत राहतात, आणि ज्यांची गरज आहे ते जुने अभ्यासक्रम मात्र नव्या रचनेच्या वेळी नाहीसे होतात. अभियांत्रिकीचा विद्यार्थी २०१८, २०२१, २०२२ अशा ज्या स्कीममध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाच्या ज्या रचनेत शिकला त्याच स्कीमचा अभ्यासक्रम त्याला राहिलेल्या विषयासाठी लागतो. पदवीच्या बाबतीत कर्नाटकाने २०२१-२२ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना स्वीकारली आणि २०२४-२५ पासून तीन वर्षांच्या पदवीची राज्याची रचना परत आणली. त्यामुळे एकाच महाविद्यालयात एकाच विषयाचे दोन वेगवेगळे अभ्यासक्रम एकाच वेळी चालू राहिले. परदेशी विद्यापीठाकडे किंवा नोकरीच्या ठिकाणी जुन्या अभ्यासक्रमाची प्रत द्यावी लागते, ती गरज तर पदवीनंतर दहा वर्षांनीही येते. म्हणून जतनाच्या धोरणात एक वाक्य ठसठशीत असावे, की अभ्यासक्रम, नियमावली, शुल्काचे तक्ते आणि पदवीदान यासंबंधीची कागदपत्रे कधीही काढली जाणार नाहीत, केवळ जुन्या नोंदींच्या विभागात हलवली जातील, आणि त्यांचा पत्ता बदलला तर जुना पत्ता नव्याकडे नेईल.

आता ऑनलाइन सेवांकडे वळू. कर्नाटकाच्या उच्च शिक्षण विभागाने राज्यातील विद्यापीठांसाठी यूयूसीएमएस ही एकत्रित प्रणाली आणली, आणि तीतून प्रवेशापासून निकालापर्यंतची कामे होऊ लागली. म्हणजे एखादी अडचण विद्यापीठाच्या संगणकात आहे, महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये आहे, की बंगळूरहून चालणाऱ्या प्रणालीत आहे, हे विद्यार्थ्याला ओळखता येत नाही. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. विद्यापीठाने प्रत्येक सेवेच्या पानावर ‘ही सेवा कोण चालवते आणि अडले तर आधी कोणाकडे जायचे’ एवढे दोन ओळींत लिहिले, तरी विद्यार्थ्याच्या निम्म्या खेपा वाचतील.

याच ठिकाणी आपल्या भागातील एक खास अडचण उभी राहते, ती नावाची. महाराष्ट्राच्या पद्धतीने आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिले जाते. कर्नाटकात पुष्कळदा वडिलांच्या किंवा गावाच्या नावाचे केवळ आद्याक्षर येते. त्यामुळे ‘पाटील सागर मारुती’, ‘सागर मारुती पाटील’ आणि ‘सागर एम. पाटील’ ही एकाच मुलाची नावे अनुक्रमे शाळेच्या दाखल्यावर, आधारवर आणि एसएसएलसीच्या (कर्नाटकातील दहावीच्या) मार्क्स कार्डवर आढळू शकतात. मानवी डोळ्याला हा एकच माणूस दिसतो. संगणकाला तिघे दिसतात. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे मिळवलेले क्रेडिट (श्रेयांक) साठवणाऱ्या राष्ट्रीय व्यवस्थेत, विद्यार्थ्याचे खाते डिजिलॉकरच्या माध्यमातून, म्हणजे आधारच्या नावाने उघडते. विद्यापीठ क्रेडिट चढवते ते मात्र आपल्या नोंदीतील नावाने. ही दोन नावे आणि जन्मतारीख जुळली नाहीत तर मुलाने मिळवलेले क्रेडिट त्याच्या खात्यात दिसत नाहीत.

उपाय दोन टोकांनी करावा लागतो. विद्यार्थ्याने पदवीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशापूर्वीच एसएसएलसीच्या मार्क्स कार्डप्रमाणे आधारवरील नाव करून घ्यावे, कारण पुढील सर्व शैक्षणिक कागदपत्रे त्याच मार्क्स कार्डवरून उतरतात. विद्यापीठाने नावदुरुस्तीची सेवा वर्षभर उघडी ठेवावी, कोणती कागदपत्रे लागतील आणि किती दिवसांत काम होईल हे आधी जाहीर करावे, आणि अर्ज नाकारल्यास कारण लेखी द्यावे. सध्या अनेक ठिकाणी ही दुरुस्ती म्हणजे अर्ज, चलन, प्राचार्यांचे शिफारसपत्र आणि मग विद्यापीठातील एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरणे, अशी चालते, आणि खानापूरच्या पश्चिम भागातून येणाऱ्या मुलाचा त्यात दर वेळी एक संपूर्ण दिवस जातो.

त्याच भागात, कणकुंबी-जांबोटीच्या जंगलपट्ट्यात, नेटवर्क तुटक मिळते, ही वस्तुस्थिती लक्षात घेऊन सेवा रचायला हवी. मुखपृष्ठावरील समारंभांची मोठी छायाचित्रे उतरेपर्यंत तेथील फोनवर पान उघडत नाही. अर्ज भरताना काही मिनिटांत लॉगिन आपोआप बंद होणे ही बँकेच्या दृष्टीने सुरक्षितता असेल, परंतु तीन पानी प्रवेश अर्जात ती शिक्षा ठरते. वेळेची मर्यादा असेल तर ती वाढवून घेण्याची सोय वापरकर्त्याला द्यावी, असे सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकषही सांगतात. भरलेला भाग जपून ठेवणारा अर्ज, निकालासाठी केवळ अक्षरांचे हलके पान आणि फाइलच्या आकाराची मर्यादा या तीन गोष्टी धोरणात लिहिल्या तर सेवा पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून त्या करून घेता येतात. लिहिल्या नाहीत तर त्या कोणीही करत नाही.

शुल्क भरताना पैसे खात्यातून जातात आणि पावती येत नाही, हा अनुभव फार सामान्य आहे आणि घरात त्याची धास्ती मोठी असते. येथे विद्यार्थ्याची बँक, मध्ये असलेला पेमेंट गेटवे आणि विद्यापीठ असे तीन घटक असतात. रक्कम विद्यापीठाच्या बाजूला यशस्वी झाल्याची खबर पोहोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयचे किंवा ऑनलाइन कार्डाचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. पण रक्कम विद्यापीठाच्या खात्यात पोहोचली आणि फक्त प्रणालीत नोंद झाली नाही, तर हा नियम उपयोगी पडत नाही. तेथे विद्यापीठानेच बँकेच्या यादीशी आपली नोंद ताडून पाहायची असते. ही पडताळणी रोज होईल, आणि दुबार भरलेले शुल्क अमुक दिवसांत परत मिळेल, असे परताव्याच्या धोरणात स्पष्ट आकड्याने लिहिलेले असावे. तोवर विद्यार्थ्याने घाईने दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी बँकेचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा आणि पडद्याचे चित्र काढून घ्यावे.

गोपनीयतेबद्दल मला सर्वांत अधिक कळकळ वाटते. शिष्यवृत्तीच्या लाभार्थ्यांची यादी नाव, वडिलांचे नाव, जात, मोबाइल आणि बँक खाते क्रमांकासह सर्वांना दिसेल अशी टाकून देणे ही सवय आपल्याकडील अनेक संस्थांना लागलेली आहे. पारदर्शकतेच्या नावाखाली केलेली ही गोष्ट मुलांना फसवणूक करणाऱ्यांच्या हाती देते. ‘तुमची शिष्यवृत्ती अडली आहे’ असा फोन करणाऱ्याला नाव, योजना आणि खाते क्रमांक आधीच ठाऊक असला तर कोण संशय घेईल? आधार क्रमांक सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध करण्यास २०१६ च्या आधार कायद्यानेच मनाई आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, त्यांतील प्रमुख जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात आपल्या दृष्टीने एक मोलाची तरतूद आहे. माहिती घेण्यासाठी संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय संबंधित व्यक्तीला द्यावा लागतो, आणि मराठी त्या परिशिष्टात आहे. १८ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांच्या संमतीचा मुद्दाही येतो, आणि पदवीला प्रवेश घेणारी कितीतरी मुले त्या वेळी सतरा वर्षांची असतात.

मात्र माहितीची खरी गळती बहुधा झेरॉक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन सेंटरवर होते. गर्दीच्या दिवसांत दुकानदार वेळ वाचवण्यासाठी अर्जात स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल घालतो, म्हणजे ओटीपी त्याच्या फोनवर येतो आणि काम लवकर उरकते. विद्यार्थी पैसे देऊन निघून जातो. पुढील सेमिस्टरला पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड दुकानदाराच्या फोनवर जातो, आणि दुकान बंद झालेले असेल तर खातेच हातचे जाते. आरडी क्रमांक (शासकीय दाखल्याचा नोंद क्रमांक) असलेले जात-उत्पन्नाचे दाखले, आधारची प्रत, मार्क्स कार्डे हे सारे त्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये पडून राहते ते वेगळेच. दुकानदाराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण घरी संगणक नसलेल्या मुलाला दुसरा मार्ग नाही. महाविद्यालयात प्रवेशाच्या काळात मदत कक्ष असावा, एकच मोबाइल क्रमांक ठरावीक संख्येपेक्षा अधिक अर्जांत चालू नये, आणि क्रमांक बदलण्याची सोय प्राचार्यांच्या ओळखीवर मिळावी, असे नियम विद्यापीठाला करता येतात.

सुरक्षेबाबत थोडक्यात सांगण्यासारखे एवढेच, की सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. विद्यार्थ्याने पैसे भरण्यापूर्वी पत्ता नीट पाहावा. एसी डॉट इन आणि एज्यु डॉट इन ही नावे अर्नेट इंडिया या केंद्रीय संस्थेमार्फत शैक्षणिक संस्थांनाच मिळतात, तर यूयूसीएमएसचा पत्ता कर्नाटक शासनाच्या गव्ह डॉट इनवर आहे. डॉट कॉम लावून विद्यापीठाचे नाव मिरवणाऱ्या पानावर शुल्क भरू नये.

सर्व्हर शेवटच्या दिवशी बंद पडतो, तेव्हा काय करायचे हे आकस्मिक आराखड्यात आधीच लिहिलेले असावे, असे मला ठामपणे वाटते. मुदतीच्या शेवटच्या २४ तासांत सेवा काही तास बंद राहिली तर मुदत आपोआप दोन दिवसांनी वाढेल, असा एका ओळीचा नियम पुरेसा आहे. आज तो निर्णय कोणीतरी फोन केल्यावर, कोणीतरी बैठक घेतल्यावर होतो, आणि तोपर्यंत विलंब शुल्क भरून मोकळी झालेली मुले ते परत मागायला जात नाहीत.

एवढे करूनही काम अडले तर विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विद्यार्थी तक्रार निवारण विनियम हाताशी आहेत. त्यांच्याप्रमाणे प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी शुल्क आणि नियमांसह माहितीपुस्तिका संकेतस्थळावर यायला हवी. तक्रारीसाठी ऑनलाइन व्यवस्था हवी, तक्रार निवारण समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, आणि तो मान्य नसल्यास विद्यार्थ्याला १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येते. तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ असे लिहू नये. कोणते पान, कोणती तारीख व वेळ, पडद्यावर आलेला संदेश आणि अर्जाचा क्रमांक, हे चार तपशील असले की ती तक्रार टाळता येत नाही.

संकेतस्थळाची धोरणे पानावर सापडत नसतील तर ती मागण्याचा मार्गही उघडा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सार्वजनिक संस्थांना आपले नियम, अधिकाऱ्यांची कर्तव्ये आणि निर्णयाची पद्धत स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगते. सहाव्या कलमाप्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो, म्हणजे बेळगावात तो कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत द्यावा लागेल. विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे मंजुरी, जतन, परतावा आणि गोपनीयता या चार धोरणांच्या प्रती मागाव्यात आणि संकेतस्थळाच्या जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम विचारावे. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.